भाकरी आधी, आरसा नंतर

आमच्या सरांना लग्नाला बोलवावं की नाही, यावर नगरातल्या पुष्कळ घरांत खल व्हायचा. तसे ते पाहुणे म्हणून सोयीचे. वेळेवर येणार, मानपानाचं नाव काढणार नाहीत, फोटोसाठी खोळंबणार नाहीत. पण एकदा पंगत बसली की स्वतःचं जेवण बाजूला ठेवून समोरच्या रांगेतल्या लोकांच्या जबड्यांकडे एकटक बघत बसायचे. कोण डाव्या दाढेनं चावतोय, कोण न चावताच गिळतोय, कोणाचा घास गालातल्या गालात फिरतोय. राहुरीकडच्या एका लग्नात नवरीचे मामा शेवटी हातातला घास खाली ठेवून उठले.

"ओ पाव्हनं, मगाधरनं बघतोय. काय पायजे काय तुमाला? जिलबी वाढू का?"

"जिलबी नको," सर म्हणाले. "उजवीकडची खालची दाढ दाखवून घ्या. तुम्ही तिला चुकवून जेवताय."

मामा असे भडकले की बाईंनी मध्ये पडून हात जोडले म्हणून निभावलं. बाई म्हणजे सरांच्या पत्नी. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे सरांसकट सगळं जग त्यांना बाईच म्हणायचं. पुढच्या आठवड्यात मामा गाल धरून दवाखान्यात आले आणि सरांनी त्यांना आधी जिलबी विचारली.

सर दातांचे डॉक्टर होते. होते म्हणजे अजून आहेत. हात थरथरायला लागले तेव्हा कुणी सांगायची वाट न बघता त्यांनी काम बंद केलं आणि आता राहुरीजवळ आपल्या लिंबाच्या झाडांना सूचना देत असतात. त्यांच्याकडे येणारे पेशंट मात्र नुसते दातदुखीचे नसत. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असायचं. कोणाचा अर्धा जबडा गेलेला, कोणाची टाळू, कोणाचं नाक, कोणाचा कान. त्यावर रेडिएशन झालेलं, ज्याला आमच्याकडे सगळे शेक म्हणतात. आजार गेला, माणूस वाचला, नातेवाइकांनी पेढे वाटले, आणि ज्याच्यासाठी वाटले त्याला काही पेढा खाता येत नाही. अशा माणसाच्या उरलेल्या हाडात सर स्क्रू बसवायचे आणि त्यांच्या आधारावर जे गेलं असेल ते पुन्हा उभं करायचे.

मी डेंटल कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते. इथे सहा महिने काढायचे, अनुभव लिहून घ्यायचा आणि पुण्याला सटकायचं, असा माझा साधा सरळ स्वार्थी बेत होता. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला विणकाम येतं का?" मी नाही म्हटलं. "शिका. इथं वाट फार बघावी लागते."

ते खरं होतं. शेक घेतलेलं हाड एक्स-रेत धडधाकट दिसतं, पण आतला रक्तपुरवठा आटलेला असतो. घाईनं त्यात स्क्रू घातला तर ते धरत नाही. कधी जखमच भरत नाही, हाड कुजायला लागतं आणि दातांच्या नादात जबडा जातो. हे मलाही शिकवलं होतं. सर मात्र ते शिकवल्यासारखं सांगत नसत. म्हणायचे, "हाड रुसलंय. रुसलेल्या माणसाला तुम्ही दंडाला धरून पानावर बसवता का?" मग एक्स-रे खिडकीशी धरून त्याच्याशीच बोलायचे, "काय? अजून नाही? बरं बाबा." पेशंट माझ्याकडे बघायचा, मी छताकडे. काही पेशंट वैतागून दुसरीकडे जायचे, आणि सर त्यांना जाऊही द्यायचे. मला राग यायचा. चार गोड शब्द बोलून माणूस थांबवता येतो, पण सरांना ते जमायचं नाही. त्यातून एखाद्याचे सडके दात शेकाच्या आधी काढायचे राहून गेलेले दिसले, की ते कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून असे तडकायचे की रस्त्यावरचा चहावाला ग्लास पुसता पुसता थांबायचा.

त्यांच्या खिशात कायम लाकडी काड्या असत, आइस्क्रीमच्या. शेक झाल्यावर जबडा आखडतो, तोंड उघडत नाही. मग दातांमध्ये काड्यांची चळत धरायची, आणि रोज थोडं थोडं तोंड उघडत नेऊन एकेक काडी वाढवायची. या काड्यांची बंडलं बाजारात मिळतात. पण सरांच्या मते त्या काड्यांना धार असते. म्हणून ते स्वतः आइस्क्रीम खाऊन काड्या जमवायचे आणि उकळून ठेवायचे. त्यांना साखरेचा त्रास होता हे सगळ्यांना माहीत होतं. बाई विचारायच्या, "पेशंटसाठी किती खाल्लं आज?" सर खाली बघायचे.

रविवारी चर्चच्या गायनमंडळात उभे राहायचे, तेही भक्तीपेक्षा जागेसाठी, असा मला दाट संशय आहे. गायनमंडळ लोकांकडे तोंड करून उभं असतं, आणि गीत सुरू झालं की सगळी मंडळी एकदम तोंडं उघडते. उपासना संपली की सर दारात उभे राहून एकेकाला गाठायचे. शेवटी पाळकांनी बाईंकडे तक्रार केली की लोक आजकाल तोंड मिटून गायला लागलेत.

जामखेडच्या एका गुरुजींचा कान कॅन्सरात गेला होता. सरांनी कवटीच्या हाडात दोन स्क्रू बसवून त्यावर लोहचुंबकानं चिकटणारा सिलिकॉनचा कान केला. इतका देखणा कान मी आजवर पाहिलेला नाही. गुरुजींच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, तो पुढून पाहिला, मागून पाहिला आणि नाक मुरडलं. "ह्यो तर कुना पोराचा कान हाय." सरांना राग येईल असं मला वाटलं. ते गुरुजींना व्हरांड्यात उन्हात बसवून खऱ्या कानाकडे बघत राहिले. मग नव्या कानावर रापलेला रंग चढवला, सुरकुत्या काढल्या, पाळी जराशी लोंबवली, दोन केसही चिकटवले. मंडळी म्हणाल्या, "आता बराबर. आता ह्यो बी काई ऐकत न्हाई असा दिसतो." सरांनी तो शेरा पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितला.

पण त्यांची खरी ख्याती भाकरीची. तोंडातलं काम पुरं झालं की पेशंटला आरसा द्यायचा नाही, हा नियम होता. सगळीकडे दात बसले की पहिल्यांदा आरसा हातात देतात. माणूस हसून बघतो, फोटो काढतो. सर पेशंटला तसाच उठवून वरच्या मजल्यावर घरी न्यायचे. बाईंनी बाजरीची भाकरी आणि पातळ आमटी केलेली असायची. शेक घेतलेल्या तोंडाला लाळ सुटत नाही, म्हणून आमटी चालायची, पण भाकरी कुस्करायची मनाई. तुकडा मोडायचा, चावायचा, गिळायचा. सर समोर बसून बघणार, ताट संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आमटी नाकातून आली नाही, घास गालात अडकला नाही, की सर म्हणायचे, "आता आरसा आणा." कितीतरी माणसं त्या ताटासमोर रडली. मीही पदराआड, म्हणजे ओढणीआड, डोळे पुसायचे आणि वर कांदा चिरायचं निमित्त सांगायचे.

तात्यांच्या बाबतीत सरांची ही भाकरीच फसली.

तात्या राहात्याच्या बाजारात डाळिंबाचा लिलाव पुकारायचे. पहिल्यांदा आले ते तोंडावर उपरणं धरून. बरोबर काकू होत्या, त्याच बोलल्या. "ह्यांचा आवाज पार शेवटच्या टेम्पोपर्यंत जायचा बघा डॉक्टर. आता शेजारी बसून बी कळंना." वरचा अर्धा जबडा काढलेला होता, टाळूला मोठं भोक होतं. टाळू फुटली की बोलणं सगळं नाकात जातं, पाणी प्यायलं तरी नाकातून येतं. भोक झाकायला एक साधी पट्टी कुणीतरी करून दिली होती, पण धरायला दात नव्हते, ती बोलताना खाली यायची. सरांनी विचारलं, "तात्या, तुम्हाला काय परत पाहिजे?" तात्यांनी दातांकडे बोट दाखवलं नाही. गळ्यावर हात ठेवला. सरांनी मान डोलावली आणि जबडा तपासायला घेतला.

मग नेहमीचं सुरू झालं. हाड रुसलंय. काड्या घ्या. थांबा. तात्या थांबायच्या स्वभावाचे नव्हते. जो माणूस डोळ्याचं पातं लवायच्या आत ढिगामागून ढीग विकतो त्याला वर्षभर थांबायला सांगणं म्हणजे शिक्षाच. दर खेपेला ते खाणाखुणांनी भांडायचे, सर तोंडानं भांडायचे, आणि मी आणि काकू मध्ये बसायचो. तिकडे बाजारात त्यांच्या जागेवर दुसरे पुकारत होते. काकू म्हणाल्या, सकाळी लिलावाची वेळ झाली की तात्या उठून अंगणात येरझाऱ्या घालतात.

शेवटी एक्स-रे "बरं" म्हणाला असावा. सरांनी चार स्क्रू घातले, काही उरलेल्या बाजूला, काही गालाच्या हाडात. पुन्हा थांबणं. मग एक दिवस सरांनी तपासताना बोट लावलं आणि त्यातला एक स्क्रू जागच्या जागी फिरला. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी तो काढला, ट्रेमध्ये ठेवला आणि तात्यांना सरळ सांगितलं, "हाडानं एकाला नाही म्हटलं."

तात्या नाकातून काहीतरी बोलले. काकूंनी सांगितलं, "म्हनतात, तीन चाकांवर गाडी कशी चालंल?"

"रिक्षा चालते ना," सर म्हणाले. तात्या हसले, पण त्या दिवशी सर दुपारी जेवले नाहीत, असं बाई मला नंतर म्हणाल्या.

उरलेल्या तीन स्क्रूंवर सरांनी आडवी दांडी बसवली, आणि तिला घट्ट पकडणारी टाळूची पट्टी केली, दातांसकट. ती बसली आणि तात्या बोलले. साधं, समजेल असं बोलले. काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. भाकरी झाली, आमटी झाली, नाकातून थेंब आला नाही. आरसा आला. तात्यांनी त्यात जेमतेम पाहिलं आणि म्हणाले, "उद्या बाजारात जातो." सरांची छाती फुगली होती. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले, तात्यांनीसुद्धा.

दोन-तीन दिवसांनी मला काकूंचा फोन आला. "डॉक्टरीनबाई, ह्यांनी पट्टी काढून ठिवली. बोलंनात. जेवंनात बी धड."

झालं होतं असं की तात्या लिलावाला उभे राहिले, मान मागे टाकून पहिली आरोळी ठोकली, आणि पट्टीची मागची कड सुटली. आवाज फाटून नाकात गेला, पट्टी खाली लोंबली. कोणीतरी हसलं. मुद्दाम नसेल, पण हसलं. तात्या उपरणं तोंडाला लावून घरी गेले ते गेलेच.

सर माझ्यावरच उखडले. "भाकरी खाल्ली की नाही त्यांनी? माझ्यासमोर अख्खी खाल्ली!"

मलाही मग राग चढला. म्हटलं, "सर, तुम्ही-आम्ही चावून जगतो. तात्या ओरडून जगतात. त्यांनी पहिल्या दिवशी गळ्यावर हात ठेवला होता. तुम्ही दात मोजत बसलात."

माझी नोकरी त्या क्षणी गेली असं मी धरून चालले.  दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला घेऊन राहात्याला निघाले. बाजारात क्रेटांच्या रांगांमधून लिलाव चालला होता. पुकारणारा पुढे, व्यापारी मागे, आणि सर पुकारणाऱ्याच्या हनुवटीखाली वाकून वर बघताहेत. तो चालला की हे चालणार. एका हमालानं त्यांना दोनदा हटवलं. एका व्यापाऱ्यानं मला विचारलं, "ह्ये कोन? सरकारी हायेत का?" मी म्हटलं, दातांचे डॉक्टर. तो लगेच तोंड मिटून बाजूला झाला.

परत गाडीत बसल्यावर सर म्हणाले, "गाताना माणूस मान सरळ ठेवतो, चावतानाही ठेवतो. हे लोक मान पार मागे टाकतात. टाळूचा मागचा पडदा ताणला जातो, कडेला फट पडते. इतकी वर्षं मी तोंडं बघतोय..." 

तिथून थेट तात्यांच्या गावी गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. सरांना बघून आत जायला उठले. सर त्यांच्यासमोर खालीच बसले.

"चूक माझी आहे, तात्या. तुमचं जेवण बघितलं, काम बघितलं नाही."

तात्या पुन्हा ओट्यावर टेकले. मग तसेच, पट्टीविना, नाकातून बोलले, आणि काकू तेच वाक्य हळूच पुन्हा म्हणत गेल्या. "जेवनाचं काय, मी पेज पिऊन बी जगलो अस्तो. त्या मालापुढं उभं ऱ्हाता येत न्हाई, ते खुपतंय. सगळ्या बाजाराफुडं हसं झालं. परत एकदा झालं तर मी त्या गावात पाय ठिवनार न्हाई."

"एकदाच या," सर म्हणाले. "नाही जमलं तर मी स्वतः सांगेन, नाही जमलं म्हणून."

मी सरांना कुणाची अशी मनधरणी करताना कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी चहा केला, तोवर तात्या कबूल झाले होते.

ते आले त्या दिवशी सरांनी पट्टीच्या मागच्या कडेला मऊ मेण लावलं, कोमट पाण्यात धरलं आणि ती तात्यांच्या तोंडात बसवली. "आता पुकारा. जसं बाजारात पुकारता तसंच. मेण तुमच्या आवाजाचा आकार घेईल."

तात्या पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"कोनाला पुकारू? ह्या भिताडाला?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. बाहेर जाऊन एक पाय डुगडुगणारं स्टूल उचलून आणलं, मधलं दार सताड उघडलं आणि बाहेर बसलेल्या पेशंटना म्हणाले, "मंडळी, या स्टुलाचा लिलाव आहे. बोली लावा." मला वाटलं, आता मात्र सर गेले कामातून. पण एका म्हातारीनं खरंच बोली लावली. तिच्या शेजारच्यानं वाढवली. आणि तात्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यांची मान मागे गेली. "बोला बोला बोला! शिसवी माल! आजीबाई म्हनतात, हाय का कोन आजीबाईच्या वर?" सर पट्टी काढून बघायचे, मेणावर जिथे पडद्यानं दाबलंय तिथे खरवडायचे, जिथे फट राहिलीय तिथे भरायचे, पुन्हा कोमट पाणी, पुन्हा तोंडात. "पुकारा!" बाहेर बोली चढतच होती, एक्स-रे काढायला आलेला माणूस एक्स-रे विसरून स्टुलाच्या मागे लागला होता. शेवटी म्हातारीनं बाजी मारली आणि स्टूल काखेत मारून दात न दाखवताच निघून गेली. सरांनी तिला अडवलं नाही.

त्या मेणावरून पक्की कड करून दिली. या खेपेला वर भाकरी नव्हती, बाईंनी आमटी केली नव्हती, आरसाही कुणाला आठवला नाही. ठरलेल्या सकाळी आम्ही सगळेच राहात्याला गेलो. बाईसुद्धा. मी आणि बाई लांब टेम्पोच्या आडोशाला उभ्या राहिलो, कारण मला बघवेल असं वाटत नव्हतं. काकू तर रस्त्यापलीकडेच थांबल्या. सरांना आम्ही बजावलं होतं, पुढे जाऊ नका, त्यांना दडपण येईल. सर हो म्हणाले आणि पुढे गेले.

तात्या पहिल्या ढिगापाशी उभे राहिले. उपरणं खांद्यावर टाकलं. मान मागे गेली. 

"बोला बोला बोला! भगवा माल! वजनदार माल!"

आवाज आमच्या डोक्यावरून मागच्या भिंतीपर्यंत गेला. कोणी वळून बघितलं नाही. व्यापारी नेहमीसारखे पुढे सरकले, कोणी बोली लावली, कोणी नाक मुरडलं, कोणी डाळिंब फोडून बघितलं. बाजार चालू झाला. बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. मी रडत होते, आणि इथे कांद्याचं निमित्तही नव्हतं.

दुसरा ढीग झाला, तिसरा झाला. तिसऱ्या ढिगापुढे सर उभे होते. अगदी मधोमध, मालाला पाठ करून, मान वाकडी करून तात्यांच्या उघड्या तोंडात बघत. मागचे व्यापारी माना उंचावून कुरकुरायला लागले. तात्या एकदा थांबले, दोनदा थांबले. मग अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात गरजले,

"ओ डॉक्टर! बोली लावायची न्हाई तर मालापुढनं बाजूला व्हा! मानसांला डाळिंब दिसू द्या, माझ्या तोंडात काय बघताय!"

सगळा बाजार खो खो हसला, या वेळी सरांना. सर कुणाच्या सांगण्यावरून कधी बाजूला होत नसत. त्या दिवशी मुकाट बाजूला झाले. तात्या पुढच्या ढिगाकडे वळलेसुद्धा होते, मागे न बघता. सर क्रेटांमधून वाट काढत आमच्याकडे आले, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला लागले, आणि बाईंना म्हणाले,

"ऐकलंत ना? सगळ्या बाजारासमोर झापलं त्यांनी मला."